मुलांचे दुसऱ्या भाषेतील वाचन : उच्चार आणि आकलन

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्यावर झालेल्या दिव्य प्रकटनाचा प्रारंभ वाचनाच्या आज्ञेने झाला, ही गोष्ट प्रत्येक मुस्लिम घरात मुलांना आवर्जून सांगितली जाते. सूरह अलकच्या पहिल्या पाच आयतींत वाचन, लेखणी आणि ज्ञान यांचा उल्लेख एकत्र आला आहे. बद्रच्या लढाईनंतर ज्या युद्धकैद्यांजवळ मुक्तीसाठी द्यावयास धन नव्हते, परंतु ज्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदीनेतील मुलांना लिहिणे शिकवावे आणि मुक्त व्हावे, असे ठरले. जेथे अक्षरज्ञानाचे मोल माणसाच्या सुटकेइतके मानले गेले, त्या परंपरेच्या वारसांना मुलांच्या वाचनाविषयी बेफिकीर राहता येणार नाही.

आज मात्र आपल्या मुलांपुढे एक वेगळी कसोटी आहे. कोकणातील घरात मूल कोकणी बोली ऐकते. पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्यात व विदर्भात कोठे दखनी, कोठे उर्दू, तर कोठे मराठी ऐकते. पहाटे किंवा सायंकाळी ते मकतबमध्ये अरबी कायदा उघडते. शाळेत मराठी किंवा उर्दू, आणि पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी. मूल आठ वर्षांचे होते न होते तोच देवनागरी, अरबी आणि रोमन अशा तीन लिप्या त्याच्या डोळ्यांसमोर येतात. आणि त्यांपैकी निदान दोन लिप्यांतील भाषा त्याच्या घरात कोणी बोलत नसते.

यातून पालकांच्या तीन तक्रारी जन्म घेतात. पहिली : मुलगा कुरआन अस्खलित वाचतो, पण आपण काय वाचले ते त्याला सांगता येत नाही. दुसरी : मुलगी घरी उर्दू सफाईने बोलते, पण उर्दूचे पुस्तक हाती दिले की अडखळते. तिसरी : इंग्रजी माध्यमातील मूल धडा खडाखडा वाचून दाखविते, परंतु धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे मार्गदर्शिकेतून पाठ करते. या तिन्ही तक्रारी वरवर वेगळ्या वाटल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. आपण ‘वाचन’ नावाची एकच गोष्ट आहे असे समजतो. वस्तुतः त्या दोन गोष्टी आहेत, आणि दोहोंना लागणारे खतपाणी वेगवेगळे आहे.

वाचनाचे दोन भाग

पहिला भाग म्हणजे अक्षरांची उकल. कागदावरची चिन्हे पाहून त्यांचे ध्वनी ओळखणे, ते जोडणे आणि शब्द उच्चारणे. दुसरा भाग म्हणजे आकलन. उच्चारलेल्या शब्दांचा अर्थ लावणे, वाक्याचा भाव समजणे, आधी सांगितलेल्या गोष्टीशी पुढची गोष्ट जोडणे. गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये ही मांडणी एका साध्या गुणाकाराच्या रूपात केली. अक्षरांची उकल गुणिले ऐकून समजण्याची शक्ती, म्हणजे वाचन. येथे बेरीज नाही, गुणाकार आहे; ही गोष्ट महत्त्वाची आहे. बेरजेत एक संख्या शून्य असली तरी दुसरी शिल्लक राहते. गुणाकारात एक शून्य झाली की सारेच शून्य होते.

मुस्लिम समाजाला हा सिद्धान्त परका वाटण्याचे कारण नाही. अरबी न जाणणारे असंख्य हाफिज जगभर आहेत. त्यांची तजवीद निर्दोष असते आणि एकेका अक्षराचा उच्चार ते नेमक्या मखरजमधून करतात. कुरआनचे शब्द जसेच्या तसे जपणे ही थोर इबादत आहे आणि या जतनाचा मान त्यांच्याकडे जातो. तथापि उकल पूर्ण असूनही आकलन वेगळे शिल्लक राहू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. उलटपक्षी, ज्या आजीला एकही अक्षर वाचता येत नाही ती दखनीतील लांबलचक कहाणी ऐकून तिचे मर्म नेमके सांगते. तिच्यापाशी आकलन आहे, उकल नाही.

सूरह मुज्जम्मिलमध्ये कुरआन संथपणे, स्पष्टपणे पठण करण्याची आज्ञा आहे; आणि सूरह सादच्या एकोणतिसाव्या आयतीत हा ग्रंथ अवतरण्याचा हेतू सांगताना त्याच्या आयतींवर चिंतन करण्याचा उल्लेख आहे. पठण आणि चिंतन ही दोन्ही कर्तव्ये स्वतंत्रपणे सांगितली गेली आहेत. एक साधले म्हणजे दुसरे आपोआप साधते, असे गृहीत धरलेले नाही.

आधी कान, मग डोळे

दुसऱ्या भाषेतील वाचनावर परिणाम करणारा पहिला घटक म्हणजे ती भाषा मुलाच्या कानावर किती पडली आहे. मराठी घरातील मूल पहिलीत ‘आंबा’ हा शब्द वाचते तेव्हा ते नवा शब्द शिकत नसते. वर्षानुवर्षे कानाने ओळखलेला शब्द पहिल्यांदा डोळ्यांनी ओळखत असते. ‘आं’ आणि ‘बा’ जोडताच त्याच्या चेहऱ्यावर जी ओळख उमटते, ती त्याचे वाचन बरोबर असल्याची पावती असते. मूल स्वतःच स्वतःची चूक सुधारू शकते, कारण चुकीचा शब्द त्याच्या कानाला खटकतो.

जी भाषा कधी ऐकलीच नाही तिच्यात ही पावती मिळत नाही. इंग्रजीतील एखादा अनोळखी शब्द मुलाने कसाही उच्चारला तरी त्याला चूक कळण्याचे साधन नाही. म्हणून ज्या मुलाला ती भाषा येत नाही, त्याला थेट पुस्तकात ढकलणे म्हणजे पाणी न पाहिलेल्याला पोहण्याचे नियम पाठ करायला लावणे होय. गाणी, गोष्टी, खेळातील सूचना, रोजची लहान लहान वाक्ये यांनी आधी कान भरले पाहिजेत.

येथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. शब्द हा ध्वनींचा बनलेला असतो आणि ते ध्वनी सुटे करता येतात, हे भान मुलाला यावे लागते. ‘कमळ’मधून ‘क’ काढला तर काय उरते, ‘पाट’ आणि ‘वाट’ यांत सारखे काय, असे खेळ आपल्या घरांत पूर्वीपासून चालत आले आहेत. यमक जुळविणे, भेंड्या, उलटे शब्द बोलणे हे सारे वाचनाच्याच पूर्वतयारीचे भाग आहेत. हे ध्वनिभान एका भाषेत आले की दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते. कारण शब्द फोडता येतो ही जाणीव कोणत्याही एका भाषेच्या मालकीची नाही.

काही ध्वनी मात्र नव्यानेच शिकावे लागतात. ऐन, बडी हे, ज्वाद यांचे अरबी उच्चार मराठी कानाला अनोळखी आहेत. मूल ते बोलू शकत नाही, कारण पुष्कळदा ते त्याला वेगळे ऐकूच येत नाहीत. अशा वेळी ‘पुन्हा म्हण’ असे दहा वेळा बजावण्यापेक्षा दोन जवळचे ध्वनी एकापाठोपाठ ऐकवून त्यांतील भेद कानाला ओळखू देणे अधिक फलदायी ठरते.

लिपीचा स्वभाव

दुसरा घटक लिपीचा. प्रत्येक लिपी मुलाकडून वेगळे श्रम मागते. देवनागरीत अक्षर आणि ध्वनी यांचे नाते पुष्कळसे सरळ आहे. तरीही पहिली वेलांटी लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. जोडाक्षरांत अक्षरांची रूपे बदलतात. आणि ‘चार’ व ‘चारा’ यांतील ‘च’ लिहिण्यात एक, पण बोलण्यात वेगळा असतो. मराठी मूल हे सहज पेलते, कारण शब्द त्याला आधीच ठाऊक असतात.

अरबी लिपी उजवीकडून डावीकडे जाते. तिची अठ्ठावीस अक्षरे शब्दाच्या आरंभी, मध्ये व शेवटी निरनिराळी रूपे घेतात. बे, ते, से यांत केवळ नुक्त्यांची संख्या व जागा यांचा फरक असतो. परंतु कुरआनच्या छापील प्रतीत जेर, जबर, पेश दिलेले असल्यामुळे एकदा कायदा पक्का झाला की मूल अर्थ न कळताही अचूक वाचू शकते. उर्दूचे तसे नाही. उर्दूच्या सामान्य पुस्तकात या खुणा बहुधा नसतात. वाचकाने शब्द आधी ओळखून ऱ्हस्व स्वर मनाने भरायचे असतात. शिवाय ‘स’ या एका ध्वनीसाठी से, सीन, स्वाद अशी तीन अक्षरे आणि ‘ज’च्या घर्षक उच्चारासाठी जाल, जे, ज्वाद व जोय अशी चार अक्षरे आहेत. अरबीत या अक्षरांचे उच्चार वेगवेगळे आहेत. उर्दूत ते एकच झाले. म्हणून नाजरा उत्तम वाचणारे मूल उर्दूत अडते, तेव्हा ते आळशी झालेले नसते. लिपी तीच दिसत असली तरी काम बदललेले असते, हे शिक्षकाने व पालकाने ओळखले पाहिजे.

इंग्रजीची अडचण याहून मोठी आहे. तेथे एकच अक्षर अनेक ध्वनी दाखविते आणि एकच ध्वनी अनेक प्रकारे लिहिला जातो. इंग्रजी व इतर बारा युरोपीय भाषांतील आरंभीच्या वाचनाचा एक तौलनिक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक भाषांतील मुले पहिल्या शालेय वर्षाच्या अखेरीस साधे शब्द जवळजवळ अचूक वाचू लागली होती. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना तेथवर येण्यास दुपटीहून अधिक काळ लागत होता. आणि ही मुले घरी इंग्रजीच बोलणारी होती! तेव्हा ज्या घरात इंग्रजी बोलली जात नाही तेथील सहा वर्षांच्या मुलाने दिवाळीपर्यंत इंग्रजी वाचावे, ही अपेक्षा न्याय्य नव्हे.

यावरून एक व्यावहारिक सूत्र निघते. तीन लिप्या मुलाला शिकवाव्यात, पण तिन्हींचा आरंभ एकाच महिन्यात करू नये. एक लिपी हाताशी आली, तीत साधे वाक्य न अडखळता वाचता येऊ लागले, की दुसरीचा आरंभ करावा. काही महिन्यांचा हा संयम पुढील अनेक वर्षांचा गोंधळ वाचवितो.

पहिल्या वाचनाचा पाया

तिसरा आणि कदाचित सर्वांत प्रभावी घटक म्हणजे मुलाचे पहिल्या भाषेतील वाचन किती भक्कम आहे. या संदर्भात मोरोक्कोचे उदाहरण आपल्याला विशेष जवळचे आहे. तेथील अनेक मुलांची घरची भाषा बर्बर, म्हणजे अमाझिग आहे. शाळेत व मशिदीत अरबी. आणि पुढे फ्रेंच. अरबी बोलणाऱ्या घरांतील मुलेही घरी मोरोक्कन बोली बोलतात आणि शाळेत ग्रांथिक अरबी वाचतात. म्हणजे स्थिती जवळजवळ आपल्यासारखीच. डॅनियल वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील मुलांचा काही वर्षे मागोवा घेऊन १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या इयत्तेत बर्बर भाषक मुले अरबी वाचनात अरबी भाषक मुलांच्या मागे होती. पाचव्या इयत्तेपर्यंत हे अंतर पुष्कळ अंशी मिटले. फ्रेंच वाचनात कोण पुढे जाईल हे मात्र घरची भाषा अरबी आहे की बर्बर, यावर अवलंबून नव्हते. ज्याचे अरबी वाचन चांगले, त्याचे फ्रेंच वाचनही चांगले, असे आढळले.

या अभ्यासातून आपल्यासाठी दोन धडे आहेत. घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा वेगळी असणे हा मुलाला मिळालेला शाप नव्हे. सातत्य, योग्य अध्यापन आणि त्या भाषेविषयीचा आदर असेल तर प्रारंभीची पिछाडी भरून निघू शकते. दुसरा धडा असा की, कोणत्या तरी एका भाषेत वाचन खरोखर पक्के झाले पाहिजे, कारण पुढची भाषा त्याच पायावर उभी राहते. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये याच स्वरूपाचा विचार मांडला होता. एका भाषेत कमावलेली वाचनशक्ती, म्हणजे मुख्य मुद्दा ओळखणे, कार्यकारणसंबंध जोडणे, संदर्भावरून अर्थ लावणे, दुसऱ्या भाषेत जाताना पुन्हा शून्यापासून शिकावी लागत नाही.

इस्लामी इतिहासात याचा एक लखलखीत दाखला आहे. हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना प्रेषित (सल्ल.) यांनी यहुदी लोकांची लिपी शिकण्यास सांगितले आणि त्यांनी ती अवघ्या पंधरवड्यात आत्मसात केली, असे तिर्मिजीच्या हदीससंग्रहात आले आहे. त्यांच्या असामान्य बुद्धीचा वाटा यात होताच. परंतु ते अरबी लेखन-वाचनात आधीच प्रवीण होते आणि ती भाषा अरबीची निकटची आप्त होती, हेही विसरता कामा नये. भक्कम पायावरच दुसरा मजला लवकर चढतो.

कमिन्स यांनी आणखी एका भेदाकडे लक्ष वेधले. नव्या भाषेत गप्पा मारण्याइतके बोलणे मुलाला साधारण दोन वर्षांत जमते. परंतु शाळेच्या पुस्तकातील भाषा समवयस्कांच्या बरोबरीने पेलण्यास पाच ते सात वर्षे लागतात. शेजाऱ्यांशी चार वाक्ये इंग्रजीत बोलणारे मूल पाहून पालक निर्धास्त होतात आणि पाचवी-सहावीत विज्ञानाचा धडा समजेनासा झाला की चकित होतात. बोलणे आले म्हणजे वाचन आले, ही समजूत घातक आहे.

इब्ने खल्दून यांचे निरीक्षण

हा विषय मुस्लिम विद्वानांनी फार पूर्वी हाताळला आहे. इब्ने खल्दून यांनी १३७७ मध्ये पूर्ण केलेल्या ‘मुकद्दमा’ या ग्रंथात वेगवेगळ्या मुस्लिम प्रदेशांतील बालशिक्षणाच्या पद्धतींची तुलना केली आहे. मगरिबमध्ये मुलांना केवळ कुरआन आणि त्याचे लेखन शिकविले जाई. अंदलूसमध्ये कुरआनबरोबर काव्य, अरबी व्याकरण आणि सुलेखन यांचीही जोड असे. पहिल्या पद्धतीत वाढलेल्यांना कुरआनचे पठण उत्तम येई, परंतु भाषेवर प्रभुत्व येत नसे, असे त्यांचे निरीक्षण आहे. त्याचे कारणही त्यांनी दिले : कुरआनची शैली अनुकरणातीत आहे, तिच्या केवळ पठणातून रोजच्या अभिव्यक्तीची भाषा घडत नाही, त्यासाठी माणसांनी लिहिलेले इतर साहित्यही वाचावे लागते.

याच ठिकाणी त्यांनी सेव्हिलचे काजी अबू बक्र इब्नुल अरबी यांचा प्रस्ताव नोंदविला आहे. मुलांना आधी भाषा व काव्य शिकवावे, मग गणित, आणि त्यानंतर कुरआन. म्हणजे तो समजून वाचता येईल, असे काजींचे मत होते. इब्ने खल्दून यांनी या पद्धतीचे कौतुक केले, परंतु रूढी तिला अनुकूल नाही हेही सांगितले. लहानपण सरले आणि मूल शिक्षणापासून दुरावले तर कुरआन राहूनच जाईल, ही पालकांची भीती त्यांनी समजून घेतली.

सहाशे वर्षांपूर्वीचा हा विचार आपल्या मकतबांना आजही मार्ग दाखवू शकतो. नाजरा लहानपणी शिकविण्याची आपली रीत सोडण्याचे कारण नाही. त्या वयात जीभ लवचीक असते आणि पठणाची गोडी आयुष्यभर टिकते. परंतु नाजरा पूर्ण झाला म्हणजे कुरआनचे शिक्षण पूर्ण झाले, असे मानून पुस्तक बासनात बांधणे ही आपली उणीव आहे. ज्या सूरह मुलाला पाठ आहेत त्यांचा आशय त्याच्या घरच्या भाषेत त्याला सांगितला गेला पाहिजे.

हे वाटते तितके अवघड नाही, कारण मराठीनेच अनेक दारे उघडी ठेवली आहेत. कलम, हक्क, हिशेब, मालक, खबर, जाहीर हे शब्द मराठी मूल रोज ऐकते आणि त्यांची मूळ रूपे अरबीतील आहेत. सूरह फातिहामधील न्यायदिनाच्या स्वामीचा उल्लेख करणारा शब्द आणि मराठीतला ‘मालक’ हे सगे आहेत, एवढे सांगितले तरी मुलाचे डोळे चमकतात. परक्या भाषेत आपला ओळखीचा माणूस भेटावा तसे ते असते. असे शब्द वेचून त्यांची एक वही मुलांकडून करवून घ्यावी.

भय, लाज आणि आदर

चौथा घटक पुस्तकाबाहेरचा आहे, परंतु तो सर्वांवर मात करू शकतो. भीतीच्या सावटाखाली असलेल्या मुलाचे लक्ष अक्षरावर नसते, ते शिक्षकाच्या हाताकडे असते. इब्ने खल्दून यांनी विद्यार्थ्यांवरील कठोरपणाविषयी स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. दडपशाहीत वाढलेल्या मुलांचा उत्साह मावळतो, ती खोटे बोलू लागतात आणि मनात एक, ओठांवर एक असा कपटीपणा त्यांच्या अंगी येतो, असा इशारा त्यांनी दिला आहे. छडीने मूल पाठ म्हणेल. वाचक होणार नाही.

लाजेचेही तसेच. घरच्या बोलीची टिंगल झाली की मूल त्या भाषेत बोलणे टाळते आणि नव्या भाषेत बोलण्याचे धैर्य त्याला नसते. कोकणी असो वा दखनी, ती अशुद्ध भाषा नव्हे. मुलाच्या आकलनाची ती पहिली शाळा आहे. सूरह रूमच्या बाविसाव्या आयतीत मानवाच्या भाषांची विविधता ही अल्लाहच्या निशाण्यांपैकी एक म्हणून सांगितली आहे. जी गोष्ट ईश्वराने आपली निशाणी म्हणून दाखविली, तिची टवाळी आपल्या तोंडून कशी व्हावी?

आणि अडखळणाऱ्या मुलाविषयी तर प्रेषित (सल्ल.) यांची शिकवण अत्यंत हृदयस्पर्शी आहे. हजरत आयेशा (रजि.) यांनी कथन केलेली, बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असलेली हदीस सांगते की, कुरआनात पारंगत असलेल्याचे स्थान सन्माननीय फरिश्त्यांसमवेत आहे, आणि जो अडखळत, कष्टाने वाचतो त्याच्यासाठी दुप्पट पुण्य आहे. ज्याला अल्लाहकडे दुप्पट मोबदला आहे, त्याला आपण वर्गात सर्वांसमोर खाली मान घालायला लावतो, यासारखी विसंगती दुसरी नाही.

काही मुलांची अडचण मात्र प्रयत्नांपलीकडची असते. फळ्यावरचे नीट दिसत नसेल, कानात वारंवार त्रास होत असेल, तर ते आधी तपासून घ्यावे. काही बुद्धिमान मुलांना अक्षर व ध्वनी यांची सांगड घालणे जन्मतःच कठीण जाते. तिला डिस्लेक्सिया म्हणतात. ती प्रत्येक भाषेत आढळते आणि तिचा आळसाशी वा बुद्धीशी संबंध नाही. एखादे मूल केवळ इंग्रजीत मागे असेल तर कारण बहुधा भाषेत असते. परंतु मराठी, उर्दू आणि अरबी कायदा या सर्वांतच अक्षरे जुळत नसतील तर तज्ज्ञाचा सल्ला घेण्यास विलंब करू नये.

घरी काय करता येईल?

प्रथम आपल्या मुलाची अडचण कोठे आहे ते ओळखावे. त्यासाठी कोणत्याही महागड्या परीक्षेची गरज नाही. मुलाच्या पुस्तकातील एक नवा उतारा त्याला वाचू द्यावा आणि तो काय आहे ते घरच्या भाषेत सांगायला लावावे. सांगता आले नाही तर तशाच तोडीचा दुसरा उतारा आपण मोठ्याने वाचून दाखवावा आणि पुन्हा विचारावे. ऐकून समजते पण वाचून समजत नाही, तर अडचण अक्षरांच्या उकलीत आहे. लिपीचा सराव वाढवावा. ऐकूनही समजत नाही, तर अडचण भाषेत आहे. तेथे आणखी वाचन लादून उपयोग नाही, गोष्टी, संवाद आणि शब्दार्थ यांनी भाषा वाढवावी. औषध देण्यापूर्वी रोग ओळखावा, तसेच हे आहे.

यानंतर पुढील गोष्टी नियमाने कराव्यात :

१. रोज पंधरा-वीस मिनिटे वाचनासाठी राखून ठेवावीत. आठवड्यातून एकदा दोन तास बसविण्यापेक्षा रोजचे थोडे अधिक टिकते. मगरिबच्या नमाजनंतरची वेळ अनेक घरांना सोयीची पडते.

२. ज्या भाषेत आई, आजी किंवा दादीला मनमोकळे बोलता येते, त्याच भाषेत त्यांनी प्रेषितांच्या जीवनातील प्रसंग, सहाबांच्या कथा, गावाच्या गोष्टी सांगाव्यात. आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून आपण मुलाच्या अभ्यासात काही करू शकत नाही, असे अनेक माता मानतात. ही समजूत काढून टाकावी. कहाणी सांगणारी निरक्षर आजीदेखील वाचनाची शिक्षिकाच असते, कारण ती आकलन घडविते.

३. जो विषय मुलाला एका भाषेत ठाऊक आहे, तोच दुसऱ्या भाषेत वाचायला द्यावा. हजरत यूसुफ (अलै.) यांची कथा ज्याने मराठीत ऐकली आहे, त्याला ती उर्दूत किंवा इंग्रजीत वाचताना अर्धी वाट आधीच चाललेली असते.

४. वाचताना प्रत्येक चुकीवर टोकू नये. वाक्य पूर्ण होऊ द्यावे, मग अडलेला शब्द सोबत फोडून दाखवावा. कुरआन पठणात उच्चाराची दुरुस्ती आवश्यकच आहे, पण तीही सौम्य स्वरात व एका वेळी एकच करावी.

५. शाळेचे माध्यम कोणतेही असो, एका भाषेतील वाचन मनापासून पक्के करावे. नवे शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षणावर भर दिला आहे. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी अनिवार्य झाली आहे. उर्दू व इंग्रजी माध्यमाच्या पालकांनी तिला केवळ एक जादा विषय न मानता मुलाच्या भोवतालची जिवंत भाषा म्हणून तिचा लाभ घ्यावा. दुकानांच्या पाट्या, एस.टी.वरील गावांची नावे, दवाखान्यातील सूचना हे सारे फुकटचे वाचनपाठ आहेत.

६. घरात मोठी माणसे वाचताना मुलांना दिसली पाहिजेत. ज्या घरात पिता केवळ मोबाइल हाती धरतो, तेथे ‘पुस्तक घे’ ही आज्ञा पोकळ ठरते.

वाचकहो, मूल दुसरी भाषा वाचू लागते तेव्हा ते एका नव्या वस्तीत पाऊल ठेवत असते. त्या वस्तीची वाट उच्चाराने सापडते, परंतु तेथे राहता येते ते आकलनानेच. आपण मुलांना वाट दाखविण्यात कसूर केलेली नाही. मकतब, शाळा, शिकवणी यांवर ऐपतीबाहेर खर्च करणारी कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत. आता त्यांना तेथे राहता यावे, याची काळजी घ्यायची आहे. आणि ती काळजी पैशाने नव्हे, रोजच्या वेळेने, घरच्या भाषेने आणि मायेच्या शब्दाने घेतली जाते. ज्ञानात वाढ व्हावी अशी प्रार्थना करण्यास कुरआनने सूरह ताहामध्ये प्रेषितांना शिकविले. तीच प्रार्थना आपण आपल्या मुलांसाठी करू या, आणि तिच्या स्वीकृतीसाठी आपल्या हातून जे घडायला हवे ते आजच्या संध्याकाळपासून सुरू करू या.

अल्लाह आमच्या मुलांची जीभ सुलभ करो, त्यांचे अंतःकरण उजळो आणि त्यांना वाचलेले समजून त्यावर आचरण करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.